पांदणीचा करार

पिंपळगाव राजा
२१ ऑक्टोबर २०१८

राखी,

सगळे बाहेर पडल्यावर एकटा मागे राहिलेला माणूस करार पाळतो, तेव्हा तो नेमका कोणाशी पाळतो? अकोल्याच्या वादविवाद स्पर्धेत परीक्षकांनी मला हे विचारलं होतं. मी ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसले. मला अजून त्याचं उत्तर येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुला वाटेल की मला सगळं कळतं.

तू फोन उचलत नाहीस. ‘गावातलं काही असेल तर मला सांगू नकोस’ एवढं म्हणून तू फोन ठेवलास, त्यानंतर मी केलेले सगळे फोन वाजून बंद झाले. म्हणून होस्टेलच्या पत्त्यावर लिहिते आहे.

घडलं ते एवढंच, की तुझे वडील आपल्या शेतरस्त्याच्या ‘पांदण’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले.

तू परीक्षेसाठी पुण्याला गेलीस त्यानंतरची ही गोष्ट आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. गेल्या वर्षीची कपाशी तू पाहिली आहेस. अळी येणार नाही म्हणून सगळ्यांनी बीटीचं बी घेतलं, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. या मे महिन्यात पांदणीच्या दोन्ही अंगांचे शेतकरी तुमच्या गोठ्यापुढे जमले. कृषी सहायकांनी सांगितलं होतं की अळीला हिवाळ्यानंतर खायला मिळालं नाही तर तिची साखळी तुटते, पण ते एकट्याने करून उपयोग नाही, सगळ्या शिवाराने केलं पाहिजे. म्हणून ठरलं, की संक्रांतीच्या आत ज्याने त्याने आपली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटायची. ज्याच्याकडे पाणी आहे त्यानेही ते शेतात सोडून संपत आलेल्या झाडाला पुन्हा बोंडं धरायला लावायची नाहीत. म्हणजे फरदड घ्यायची नाही. सही नाही, दंड नाही. ज्याला मान्य आहे त्याने हात वर करायचा.

पहिला हात तुझ्या वडिलांचा, वामनकाकांचा होता.

त्या सभेत मी पॅरिसच्या हवामान कराराबद्दल बोलले. जगातले जवळजवळ सगळे देश एका टेबलावर आले, कोणी किती धूर कमी करायचा ते ज्याने त्याने स्वतःच ठरवलं, न पाळणाऱ्याला शिक्षा काही नाही, आणि तरीही लोकांनी सह्या केल्या, असं सांगितलं. मग अमेरिकेने बाहेर पडायचं जाहीर केलं, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं असं आता वाटतं. लोकांच्या नेमकं तेवढंच लक्षात राहिलं.

दसऱ्याच्या दिवशी वामनकाकांनी ग्रुपवर लिहिलं, ‘शेततळ्यात पाणी आहे. माझी कपाशी मी ठेवणार.’ आणि ते बाहेर पडले. त्याच्या खाली पांदणीवरच्याच जानरावने लिहिलं, ‘अमेरिका गेली.’ लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली.

यंदा पाऊस पाहतेस ना कसा गेला. आपल्या तालुक्यात दुष्काळ जाहीर होईल म्हणतात. पाणी ज्याच्याकडे आहे तोच फरदड घेऊ शकतो, आणि आपल्या पांदणीवर असं पाणी फक्त तुमच्याकडे आहे. म्हणून तुमचं एकट्याचं रान हिरवं राहिलं, तरी अळीला ते पुरेसं आहे.

तू काकांशी एकदा बोल. माझ्यासाठी नाही. तू बोललीस तर ते ऐकतात, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

कौसर


१२ नोव्हेंबर २०१८

राखी,

दिवाळीला तू येऊन गेलीस, हे अन्नपूर्णाकाकूंनी फराळाचा डबा पाठवला तेव्हा कळलं. चकल्या तू केल्या होत्यास असं त्या म्हणाल्या. चांगल्या झाल्या होत्या.

काल सकाळी पांदणीच्या वळणावर, बाभळीखाली, सभा झाली. मी बोलावली नव्हती, जानरावने बोलावली. तू नव्हतीस म्हणून जसं झालं तसं लिहिते.

जानरावनेच सुरुवात केली. “वामनराव, तुमी पयला हात वर केलता. आता खाली कोन्या हातानं घेतला?”

“त्याच हातानं,” तुझे वडील हसले. “हात माहा, वावर माहं. मर्जीनं वर केला, मर्जीनं खाली घेतला. दंड लावला होता का कोनं? नाई ना? मंग?”

“दंड नाई, पन शब्द हाय ना,” अब्बा म्हणाले.

“जब्बार, तू तं शब्दाचं नाव काढूच नोको बे,” काका म्हणाले. अब्बा खाली बघायला लागले. मग काकांनी घसा साफ केला आणि एकदम पुस्तकी भाषेत म्हणाले, “ज्या करारात न पाळणाऱ्याला शिक्षा नाही, तो करार नसतो. ती शुभेच्छा असते.”

काकांनी सगळ्यांकडे पाहून घेतलं. “हे माहं नाई. माह्या राखीनं हे बोलून अकोल्याहून ढाल आनली. आरशासमोर उभी राहून म्हने, तवा मलेच पाठ झालं.”

राखी, ते वाक्य माझं आहे. तुला माहीत आहे. सर म्हणायचे, समोरच्याची बाजू स्वतः लिहिल्याशिवाय ती खोडता येत नाही. म्हणून माघारीच्या बाजूचं तुझं भाषण मी लिहिलं आणि करार पाळावा या बाजूचं माझं भाषण तू लिहिलंस. दोघी एकाच संघात, एकमेकींच्या विरुद्ध. तुझा पहिला नंबर आला, मला उत्तेजनार्थ मिळालं, ढाल कॉलेजला. तेव्हा आपण हसलो होतो, की खरं तर पहिला नंबर माझ्याच लिखाणाचा आला.

काल मी बाभळीखाली उभी राहून माझंच भाषण ऐकलं. काका चांगलं बोलतात. तुझ्यापेक्षा सावकाश.

पण त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, “गेल्या साली अळी काऊन आली, सांगू का? बीटीच्या थैलीत बिगर बीटीची एक पुडी येते. ती वावराच्या कडेनं पेरा म्हनतात. अळीले कुठंतरी साधं खानं भेटलं पायजे, म्हंजे ती बीटीले सरावत नाई. कोनं पेरली ती पुडी? करा हात वर.”

एकही हात वर आला नाही.

“म्या माह्या पोरायले खेळाले देल्ली,” जानराव म्हणाला.

“म्या नालीत फेकली. पिकत नाई, त्यात जागा कोन घालवन?” तुझे वडील म्हणाले. “म्हंजे आपुन समदे मिळून हा करार कितीक सालापासून मोडूनच राह्यलो. तवा कोनी सभा घेतली नाई. आज माह्याच नावानं बोंब कायले?”

हे खरं आहे. आमच्याही घरी त्या पुड्या मोरीपाशी पडलेल्या असायच्या. मी एवढंच म्हणाले, “काका, म्हणून तर.”

“म्हनून तर काय?”

“म्हणून तर यंदा तरी पाळायचा.”

“तं पाळ ना. तुह्यापाशी डिग्री हाय. डिग्रीनं पाळ.”

लोक हसले. मीही थोडी हसले. मग जानराव म्हणाला, “मोठा मानूस ठेवन, तं आमी लहान मान्सानं काऊन उपटा?” आणि याला कोणी हसलं नाही. सभा तिथेच संपली. जाताना लोक आपापल्या शेताकडे बघत गेले.

आता माझं मागणं. नाल्याकडचा तुकडा तुझ्या नावावर आहे. सातबाऱ्यावर तू आहेस. अमेरिका बाहेर पडते म्हणाली, तेव्हा तिथली काही राज्यं आणि शहरं म्हणाली की देशाने काहीही करो, आम्ही आमच्यापुरतं पाळू. हा मुद्दा माझ्या भाषणात तूच घातला होतास, आणि परीक्षकांनी नेमकी त्यावर मान हलवली होती. तो तुकडा तेवढा रिकामा करायला काकांना सांग. लोकांना दाखवायला माझ्याकडे काहीतरी होईल.

कौसर


२ डिसेंबर २०१८

राखी,

तुझं पत्र मिळालं. एकच पान, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

सातबाऱ्यावर नाव असणं आणि वावर असणं यात फरक आहे, असं तू लिहितेस. पुण्याला राहू दिलं हीच वडिलांनी तुझ्यावर मेहेरबानी केली आहे, मोताळ्याचं एक स्थळ त्यांनी तुझ्या परीक्षेपर्यंत थांबवून ठेवलं आहे, आणि तू जमिनीबद्दल एक शब्द काढलास की ते तुला बॅग भरून यायला सांगतील. हे मला माहीत नव्हतं. तू कधी बोलली नाहीस, आणि मला वाटत होतं की तुमच्या घरात सगळं सोपं असतं.

माझं मागणं मी मागे घेते. त्या तुकड्याबद्दल मी गावात कोणाशी बोललेले नाही, बोलणारही नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक प्रश्न आहे. ‘तुमच्या शेतात पाइप कोणाचा आहे?’

काकूंनी सांगितलं असेल. हो, तुमचाच आहे. तुमच्या शेततळ्यावरून आमच्या बांधापर्यंत दिवाळीच्या आधीच टाकला आहे. मी मागचं पत्र लिहिलं तेव्हा तो तिथे होता. मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. बाभळीखाली अब्बांनी शब्दाची गोष्ट काढली, तेव्हा काकांनी त्यांना एका वाक्यात का गप्प केलं, तेही मला तिथेच कळलं होतं. काका सगळ्यांसमोर पाइपचं नाव घेऊ शकत होते. त्यांनी घेतलं नाही. ते मला जास्त लागलं.

अब्बांनी मला आधी सांगितलं की बांधावरच्या चाऱ्याला पाणी पाहिजे. मी शेतात गेले तर पाणी कपाशीच्या सऱ्यांमधून चाललं होतं. झाडं तरतरीत दिसत होती. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं बघून. यंदाच्या उन्हात इतकं हिरवं मी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन अब्बांना विचारलं. ते जेवत होते. आमच्या घरात कसं बोलतात ते तुला माहीत आहे, म्हणून तसंच लिहिते.

“ये फरदड नहीं है,” ते म्हणाले. “ये तेरा बीएड है.”

“अब्बा, गाँव के सामने मैंने...”

“गाँव तेरी फीस भरेगा?”

अम्मी चुलीपाशी होती. ती म्हणाली, “खाने दो उनको.”

मला पुढच्या वर्षी खामगावला बीएडला जायचं आहे हे तुला माहीत आहे. आमच्या घरात बीए झालेली मी पहिली. अब्बांचं ठरलं आहे की मी इथे थांबायचं नाही, शिक्षिका व्हायचं. कापसाच्या पहिल्या वेच्यांवर घर चाललं. जे पुढचं बोंड धरेल ते माझ्या नावाचं. त्यांनी हे कोणाला विचारून केलं नाही, कारण त्यांना वाटलं यात विचारण्यासारखं काही नाही. वामनकाकांकडे पाणी मागायला ते स्वतः गेले होते. काका लगेच हो म्हणाले, पैशाचं बोलले नाहीत. म्हणाले, “पोट्टीच्या शिक्षनाले पानी देतो, पुन्याईचं काम हाय.”

म्हणजे तुला पुण्याला ठेवणारे आणि मला खामगावला पाठवू पाहणारे, दोघंही एकाच तळ्यातलं पाणी वापरतात. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. फक्त लिहिते.

कौसर


२३ डिसेंबर २०१८

राखी,

परीक्षेचा अभ्यास चालू असेल. या पत्राला उत्तर नको.

पांदणीवर काय चाललं आहे ते सांगते. वामनकाका बाहेर पडल्यावर आणखी काही जण पडले. ग्रुप सोडून कोणी जात नाही, फक्त शेतात पऱ्हाटी उभी ठेवतात. अमेरिकेचंही तसंच आहे. माघार जाहीर केली, पण करारातच असं लिहिलेलं आहे की बाहेर पडायला काही वर्षं जावी लागतात. तोपर्यंत देश कागदावर आत. आपल्याकडेही पुष्कळ जण कागदावर आत आहेत. फक्त कागद नाही.

मी रोज सकाळी पांदणीने फिरायचे आणि ज्याचं रान रिकामं झालं त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचे. कौतुक म्हणून टाकायचे. पण ज्याचा फोटो येत नाही त्याला लोक विचारायला लागले. एकाने अर्धंच शेत उपटलं आणि मला म्हणाला, “इकडूनच काढजो फोटो, तिकडून नोको.”

परवा गोजरबाईंच्या शेतावर गेले. म्हातारी एकटी राहते, एकटीच करते. सगळ्यांच्या आधी तिचं रान रिकामं झालं होतं. मी फोटो काढायला गेले तर उपटलेली सगळी पऱ्हाटी घराला लागून रचलेली. काड्यांना किडकी बोंडं तशीच.

“आजी, ही गंजी इथं ठेवली तर अळी यातच राहील. पावसाळ्यात यातूनच तिचे पतंग उडतील.”

“मंग चुलीत काय घालू? तुहं पॅरिस?”

“गॅस मिळाला ना तुम्हाला?”

“भेटला. त्याच्यावर टोपली ठेवली म्या. शेगावाहून लेक येते तवा च्या करतो त्याच्यावर.” मग तिने माझ्या हातातला फोन पाहिला. “काय वो, या गंजीचा बी फोटो टाकतं का? टाक. मले बी पाहू दे, कशी दिसतो.”

मी फोटो काढला नाही. घरी आले तर अम्मीनेही अंगणात जागा झाडून ठेवली होती. आमची पऱ्हाटी आली की रचायला. दर वर्षी तिथेच रचतो. मी या अंगणात वाढले, त्या गंजीवर उड्या मारल्या, आणि मे महिन्यात सगळ्या गावापुढे बोलताना गंजीचा एक शब्दही मी उच्चारला नव्हता. कारण ती मला दिसलीच नव्हती. अळीच्या साखळीबद्दल बोलत होते आणि साखळीचं एक टोक आमच्या चुलीत होतं.

काल मी ग्रुपवर लिहिलं. तुला जसंच्या तसं पाठवते, कारण तू आता ग्रुपमध्ये नाहीस:

‘आपला करार संपला असं समजा. ज्याला उपटायचं त्याने उपटावं, ज्याला ठेवायचं त्याने ठेवावं. मी आजपासून कोणाच्या बांधावर येऊन फोटो काढणार नाही. उपटणाऱ्यांनी काड्याही ठेवू नयेत, एवढी विनंती आहे. आमच्या शेतात वामनकाकांच्या तळ्याचं पाणी चालू आहे, हेही सगळ्यांना माहीत असावं.’

शेवटचं वाक्य लिहायला वेळ लागला. अब्बांना विचारून लिहिलं. ते म्हणाले, “लिख. सबको मालूमच है.”

सगळ्यांना माहीत होतं. माझ्यासमोर कोणी बोललं नव्हतं, इतकंच.

थोड्या वेळाने जानरावचा फोन आला. “काऊन वो पोरी, तूच बाहेर पडली का आता?”

“नाही, ग्रुपमध्येच आहे.”

“मंग आमाले रागवन कोन?”

“कोणी नाही.”

“हे बराबर नाई,” तो म्हणाला. “म्या इतवारी उपटनार होतो. आता तू पाहूनच नाई राह्यली तं...” मग हसला आणि फोन ठेवला.

आज अब्बा मला शेतात घेऊन गेले. बांधावर बसलो. झाडांना नवी बोंडं लागली आहेत, हिरवी, अजून घट्ट. ते म्हणाले, “पानी वामनराव का, ज़मीन मेरी, और नाम तेरा. मैं नहीं बोलूँगा अब. तू बोल.”

मी अजून काही बोललेले नाही. तुला लिहून पाहू म्हटलं, लिहिताना काही सुचतं का. सुचलं नाही.

कौसर


८ जानेवारी २०१९

राखी,

शनिवारी सकाळी आम्ही पऱ्हाटी उपटली.

आदल्या दिवशी मी अब्बांना सांगितलं. ते विहिरीपाशी तोंड धूत होते. मी म्हणाले, उद्या उपटू. ते म्हणाले, “सोच ली?” मी हो म्हणाले. त्यांनी कारण विचारलं नाही, म्हणून मला ते द्यावं लागलं नाही. विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते माहीत नाही. फक्त म्हणाले, “फिर तेरी अम्मी को तू बोल.” म्हणजे अवघड काम माझ्याकडे आलं.

अम्मीने कोपऱ्यातले झाडं उपटायचे चिमटे काढून त्यांची धूळ पुसली. तिच्या मते उपटायचंच असेल तर ऊन चढायच्या आत.

पहिल्या झाडाला मी चिमटा लावला. गेल्या वर्षी कोरड्या जमिनीतून एकेक झाड ओढताना हाताची सालं गेली होती. या वेळी मुळासकट सहज निघालं. जमीन ओली होती. काकांच्या पाण्यामुळे.

अम्मी सगळ्यांत पुढे होती. तिच्या मागे अब्बा, त्यांच्या मागे मी. अब्बा मधेच एखादं भरलेलं झाड उपटायच्या आधी थोडं थांबायचे. मग उपटायचे. मी त्यांच्याकडे बघत नाही असं दाखवत होते.

दुपारी तुझे वडील बांधावर आले. सकाळीच मी पाइप गुंडाळून तुमच्या तळ्यावर नेऊन ठेवला होता, तो पाहून आले असणार.

“जब्बार,” ते म्हणाले, “पानी म्या देल्लं आन् तू उपटून राह्यला?”

अब्बांनी माझ्याकडे हात केला. “बाईसाहेबाले विचारा.”

“काका, पाण्यामुळे उपटायला सोपं गेलं,” मी म्हणाले. मला त्यांना टोमणा मारायचा नव्हता. मनात तेच होतं, तेच तोंडून गेलं.

ते मोठ्याने हसले. “लय बोलते बे तुही पोट्टी. माहीनं बी असं बोलाले पायजे होतं.” आणि लगेच त्यांचं हसू गेलं. ते वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं असं मला वाटलं. मी ते तुला कळवते आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

मग ते खाली वाकले, ढिगातलं एक हिरवं बोंड उचललं आणि अंगठ्याने फोडलं. दोन पाकळ्या कोऱ्या होत्या, तिसरीत अळी. त्यांनी ती नखाने काढून बाजूला टाकली. दुसरं फोडलं. तेही तसंच. तिसरं फोडलं नाही.

“संक्रांतीनंतर पाहू,” ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. निघताना अम्मीला म्हणाले, “भाभी, काड्या राहू द्या थोड्या, चुलीले कामी पडतीन.”

अम्मी म्हणाली, “नाई ठेवत आता.”

ते तुमच्या शेताच्या बाजूने चालत गेले. तुमचं रान अजून उभं आहे, नाल्याकडचा तुकडाही. पांदणीवर काही रानं रिकामी आहेत, काहींत पऱ्हाटी उभी. किती ते मी मोजलेलं नाही. जानरावचं रिकामं झालं. आमच्याकडे काड्या बारीक करणारं यंत्र येणार आहे असं गोजरबाईंना कळलं. मग त्यांनी त्यांच्या गंजीतल्या किडक्या बोंडांच्या काड्या वेगळ्या काढून आमच्या बांधावर आणून टाकल्या, आणि चांगल्या काड्या घरी नेल्या. तेवढं त्यांचं म्हणणं त्यांनी राखलं.

बीएड यंदा होणार नाही. पिंपळगावातल्या एका शिकवणी वर्गात मराठी आणि इतिहास शिकवायला मी सोमवारपासून जाते आहे. अब्बा लोकांना सांगतात की पोरगी मास्तरीण झाली. मी दुरुस्त करत नाही.

पुढच्या पावसाळ्यात अळी येणार नाही असं मी कोणाला सांगितलेलं नाही. येईल. बहुतेक तुमच्या शेतातून येईल, कदाचित नालीत पडलेल्या आमच्याच एखाद्या बोंडातूनही. हे मला उपटायच्या आधी माहीत होतं.

काल संध्याकाळी ट्रॅक्टर आला. मागे काड्या कुटायचं यंत्र लावलेलं होतं. ढीग एकेक करून त्यात गेले, काड्या, पानं, अळीची बोंडं, न किडलेली बोंडंही. अब्बांना त्यातली चांगली निवडून काढायची होती. मी नको म्हटलं. सगळ्याचा भुसा झाला आणि तो त्याच जमिनीत नांगरून टाकला. आता करारातून आम्हाला बाहेर पडता येणार नाही.

कौसर